फोस्तँचे दोन हिस्से

शहराला कंटाळलेला माणूस, परमुलखातलं मोडकं घर आणि घराला लागून थोडी द्राक्षं किंवा ऑलिव्हची झाडं. एवढ्या सामानावर इंग्रजीत पुस्तकांचं एक अख्खं कपाट भरलं आहे. गोष्ट आता पाठ झाली आहे. घर बघताक्षणी आवडतं. वकिलाकडे खेटे होतात. छत गळतं, प्लंबर गायब होतो, जुन्या भिंतीतून काहीतरी निघतं. शेजारचा म्हातारा शेतकरी आधी हसतो, मग छाटणी शिकवतो. शेवटच्या पानांवर लांबलचक टेबल, भरपूर जेवण आणि लेखकाला आयुष्याचा अर्थ वगैरे. हल्ली हेच सगळं इन्स्टाग्रामवर दीड मिनिटात होतं. 'आधी', 'नंतर' आणि मागे पियानो.

मी या कपाटाच्या नादी लागलो, कारण आमच्या घराचं काम निघालं. मनोर आणि पालघरच्या मधे मासवणला आमची लहानशी वाडी आहे. आंबा, थोडे चिकू, पाच जांभळं, बांधावर ताड, खालच्या दोन तुकड्यांत भात आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. घर कौलारू, मागचा अर्धा भाग कुडाचा. तो पाडून तिथे स्लॅब टाकायचा, पुढचा भाग तसाच ठेवून वासे बदलायचे, असं ठरलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस ओट्यावर लॅपटॉप आणि मीटिंगमध्ये सतत म्यूट, कारण मागे कटर चालू असतो. माझ्या चुलतबहिणीचं, म्हणजे ताईचं म्हणणं असं की घर नीट झालं की दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. फार्मस्टे. "तू एवढं वाचतोस ना, मग पेजवर टाकायचे दोनशे शब्द तूच लिही." म्हणून इतरांनी आपापल्या वाड्यांबद्दल कसं लिहिलंय ते बघायला बसलो. दोनशे शब्द अजून झालेले नाहीत. त्याऐवजी हा लेख झाला.

या कपाटाचा आजोबा म्हणजे पीटर मेलचं 'अ इयर इन प्रोव्हान्स', १९८९ सालचं. मेल जाहिरात क्षेत्रातला इंग्रज. बायकोला घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या लुबेराँ डोंगराच्या पायथ्याशी, मेनेर्ब गावाजवळ एका जुन्या शेतघरात राहायला गेला. पुस्तकाची बारा प्रकरणं, बारा महिन्यांची. त्यात जेवणं किती आहेत ते मोजायला गेलात तर भूक लागून पुस्तक बाजूला ठेवावं लागेल. शेजारी मासो नावाचा एक विक्षिप्त गडी आहे, तो कोल्हा कसा शिजवायचा ते सांगतो. एवढं सगळं असूनही मला वाटतं मेलची खरी ताकद एकाच जागी आहे, आणि ती म्हणजे गवंडी.

घरकाम काढलेल्या कोणालाही विचारा. गवंडी 'नाही' म्हणत नाही. तो उद्या येतो. येऊन भिंत फोडतो आणि मग दुसऱ्या कोणाची तरी भिंत फोडायला जातो. त्याचं आपल्यावर प्रेम असतं, पण ते सगळ्या भिंतींवर सारखंच असतं. मेलने हे अचूक पकडलं आहे. वर्ष संपत आलं तरी काम अर्धवटच, तेव्हा त्याची बायको युक्ती काढते: काम पुरं झाल्याचा सोहळा म्हणून सगळ्या कामगारांना बायकांसह जेवायला बोलावते. बायकोसमोर आपलं अर्धवट काम कोण दाखवेल? सगळे धावत येऊन कामं उरकतात. ही युक्ती मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "आपल्या सेंटरिंगवाल्याची बायको स्वतःच इथे घमेली उचलतेय, तिला काय लाज दाखवणार?" मेलच्या पुस्तकावर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही.

कारण मेलच्या घरात काम करणारे आणि शेतात काम करणारे वेगळे आहेत. घराचं वेळापत्रक एक, द्राक्षांचं दुसरं. आमच्याकडे दोन्हीकडे तीच चार माणसं. आंबा उतरायचा तो मे महिन्यात, पाऊस यायच्या आत. स्लॅब भरायचा तोही मे महिन्यात, पाऊस यायच्या आत. विहिरीचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेही मे महिन्यात. स्लॅब भरला की त्यावर आळी बांधून, बारदान टाकून पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडे जातात. वाडीच्या टोकाला दोन वर्षांची कलमं, त्यांनाही तेव्हाच पाणी लागतं. स्लॅबला की कलमांना, हा प्रश्न आमच्या घरात रोज संध्याकाळी सुटायचा आणि सकाळी पुन्हा निघायचा. ज्या खोलीत दरवर्षी पेंढ्यावर आंब्याची अढी लागते तिथे या वर्षी सिमेंटच्या गोणी होत्या, म्हणून अढी पडवीत लागली. पडवीत कोब्याचं काम निघालं, म्हणून अढी माझ्या खाटेखाली आली. मी तीन आठवडे हापूसच्या वासात कोड रिव्ह्यू केले. मग जून-जुलै, लावणी, आणि चार माणसं चिखलात. घराच्या कामावर कोणी नाही. मेलचा प्लंबर जातो तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. आमचा माणूस गेला तो आमच्याच खालच्या शेतात. रागवायचं कोणावर?

गावाच्या बाजूलाच सूर्या नदी आहे, हे सांगायला हवं. वसई-विरारच्या नळाला जे सूर्याचं पाणी येतं त्यातलं काही मासवणच्या उपसा केंद्रातून जातं. मे महिन्यात आमची कलमं घागरीने पाणी पितात तेव्हा पंपांचा तो घुमणारा आवाज ऐकू येतो. ताईच्या 'निसर्गाच्या कुशीत' वगैरेत तो कुठे बसवायचा हा प्रश्न आहेच.

पण मी अडकलो ते गवंड्यांपाशी नव्हे, फोस्तँपाशी. मेलच्या घराभोवती सहा एकर द्राक्षं आहेत. ती फोस्तँ नावाचा शेतकरी बघतो. मेलच्या आधीच्या मालकांच्या वेळेपासून बघत आलेला. व्यवहार असा: नव्या वेलींचा खर्च मालकाचा, कष्ट फोस्तँचे, आणि हंगामाअखेर नफ्याचे तीन हिस्से करायचे. दोन फोस्तँचे, एक मालकाचा. या पद्धतीला तिकडे मेतायाज म्हणतात. शेकडो वर्षांपासून चालत आलेली रीत, असं म्हणून मेल दोन वाक्यांत ती उरकतो आणि फोस्तँच्या बायकोकडे आणि ट्रॅक्टरकडे वळतो. वाचकालाही छान वाटतं. किती समजूतदार रीत, किती गोड माणसं.

मेतायाज या शब्दाच्या पोटात 'अर्धा' आहे. आपल्याकडे अर्धेल म्हणतात तेच. रीत खरोखरच जुनी, पण जुन्या रीतीत निम्मा माल मालकाचा असे. अनेकदा जास्तच. मग फोस्तँला दोन तृतीयांश कुठून मिळाले? रीतीतून नव्हे. ते आले कायद्यातून. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये फ्रान्सने कुळांसाठी कायदा केला, त्यात मालकाचा हिस्सा एक तृतीयांशाच्या वर जाता कामा नये असं ठरलं. म्हणजे मेलला जी प्रोव्हान्सच्या मातीची मुरलेली शहाणीव वाटते, ती पुस्तक येण्याआधी जेमतेम त्रेचाळीस वर्षं कागदावर आलेली तरतूद आहे, आणि तिच्यामागे शेतकरी संघटनांनी दिलेली झुंज आहे. त्याच १९४६ मध्ये बंगालमध्ये बरगादार हेच मागत होते. त्यांच्या आंदोलनाचं नावच तेभागा. तीनातले दोन आमचे.

हे न सांगितल्याबद्दल मेलवर खटला भरायचा का? विनोदी पुस्तक आहे, त्याने कायद्याचा इतिहास लिहायला हवा होता असं कोणी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा माणूस जेवणाच्या प्रत्येक पदार्थाचं मूळ शोधतो. ट्रफल कुठून येतात, कोण खणतं, रोखीने का विकतात, सगळं त्याला जाणून घ्यायचं असतं. कुतूहल हीच त्याच्या लेखनाची चाल आहे. ती चाल नेमकी स्वतःच्या शेताच्या हिशोबापाशी येऊन थांबते. जिथे तो पाहुणा असतो तिथे त्याला सगळं दिसतं. जिथे तो मालक आहे तिथे 'रीत' हा एक शब्द पुरतो.

फ्रान्सिस मेझचं 'अंडर द टस्कन सन' १९९६ चं. मेझ कवयित्री, सॅन फ्रान्सिस्कोत सर्जनशील लेखन शिकवणारी. १९९० मध्ये तिने आणि एडने इटलीत कोर्तोनाजवळ ब्रामासोले नावाचं घर घेतलं, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची जमीन असलेलं. घर तीस वर्षं रिकामं होतं. मेलपेक्षा ही लेखिका मला जवळची वाटली. ती स्वतः हाताने गवत काढते, भिंती घासते, पैशाला घाबरते. जेवणघराची भिंत साबणाच्या पाण्याने घासताना खाली जुनं भित्तिचित्र निघतं, ते पान खरंच सुंदर आहे. पुस्तकाच्या मधे सरळ पाककृती टाकल्या आहेत, त्या मी वगळल्या. (२००३ चा सिनेमा बघून पुस्तक वाचायला जाल तर फसाल. सिनेमातली बाई घटस्फोटाचं दुःख घेऊन एकटीच सहलीच्या बसमधून उतरते आणि घर विकत घेते. पुस्तकात एड पहिल्यापासून तिच्यासोबत आहे आणि दोघंही यादी करून, आकडेमोड करून घर घेतात. सिनेमाला आकडेमोड परवडली नाही.)

तिच्या जमिनीच्या ढासळलेल्या दगडी ताली पुन्हा रचायला पोलंडहून आलेले मजूर आहेत. मेझ त्यांना जेवायला घालते, त्यांच्या कामाचं मनापासून कौतुक करते. पण एक प्रश्न पुस्तकात खोलवर जात नाही: या ताली आधी कोणी रचल्या, आणि ती माणसं कुठे गेली? टस्कनीत मेझ्झाद्रिया होती. पुन्हा तेच, अर्धेल. एकेक कूळकुटुंब मालकाच्या जमिनीवर, मालकाने दिलेल्या घरात राहून निम्मा माल देत पिढ्यान् पिढ्या कसत होतं. १९५० आणि ६० च्या दशकात ही कुटुंबं कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली, आणि १९६४ मध्ये इटलीने नवे अर्धेल करार बंदच केले. डोंगर ओस पडले. परदेशी माणसांना स्वस्तात मिळालेल्या टस्कनीतल्या त्या शेकडो रोमँटिक शेतघरांच्या मागे हे निघून जाणं आहे. त्यात १९८५ च्या जानेवारीत अशी थंडी पडली की ऑलिव्हची झाडं मोठ्या संख्येने मेली. मेझच्या वाचकाला पडझड दिसते ती काळाने केलेली, जणू वेळ हीच गळती आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही असंच बोलतो. जुना कोड 'सडला' म्हणतो. कोड सडत नाही. तो लिहिणारी माणसं सोडून गेलेली असतात.

आता आपलं कपाट. मराठीत या जातीचं पुस्तक शोधायला गेलो तर हाताला लागलं ते भलतंच. आपल्याकडे शेतावरची घरं दुरुस्त होत नाहीत, ती पडतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) वडील वारल्यावर धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात सगळे जमतात. तेराव्याचं गावजेवण घालायला पैसे नाहीत. घराची डागडुजी करायला तर नाहीतच. मुंबईचा धाकटा भाऊ आणि गावचा मोठा भाऊ यांच्यात जे चालतं ते आमच्या घरात सिमेंटच्या दरावरून होताना मी ऐकलं आहे, फक्त आमच्याकडे संवाद इतके चांगले नव्हते. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आठवा. मेलच्या पुस्तकात फोस्तँचा ट्रॅक्टर आला की वाचक सुखावतो. एलकुंचवारांचा ट्रॅक्टर नुसता उभा राहून सगळ्या घराचा हिशोब सांगतो.

सदानंद देशमुखांचं 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी २००४) तर थेट आमच्या वयाच्या मुलाबद्दल आहे. एकनाथ उच्चशिक्षित, नोकरी नाही म्हणून शेतीत. नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत. शहरी वळणाची बायको अलका कुढत राहते. भाव, कर्ज, पाऊस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फार लांबलेलं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. तीच तीच ठेच पन्नास वेळा. पण मेल आणि मेझनंतर वाचताना ती पुनरावृत्ती वेगळी दिसते. मेलचं वर्ष बारा प्रकरणांत संपतं, कारण त्याला द्राक्षांवर जगायचं नाही. दारूच्या बाटल्या घरी आल्या की हंगाम सफल. मेझचं तेल विकायचं नाही. दोघांचाही पैसा बाहेरून येतो आणि शेतात मुरतो. एकनाथचा पैसा शेतातूनच यायला हवा, आणि तो येत नाही. म्हणून त्याच्या कादंबरीला शेवटचं जेवण मिळत नाही, बारोमास चालू राहावं लागतं.

मी यात कुठे बसतो? आमचा स्लॅब माझ्या पगारातून भरला गेला, आंब्यातून नाही. आंब्यातून खत, औषध, मजुरी आणि पेट्या वजा जाता जे उरलं त्यात मागच्या दाराची चौकट आली. म्हणजे हिशोबाने आम्ही आता मेलच्या बाजूला आहोत. पण आंब्याला भाव मिळाला नाही की बाबांचा चेहरा 'बारोमास'मधला असतो. एकाच घरात दोन कपाटं.

मराठीत मेलसारखं पुस्तक न होण्यामागे एक अगदी कोरडं कारणही आहे, ते समीक्षेत कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. रस्त्याने जाताना घर दिसलं, आवडलं, घेतलं, असं पहिलं प्रकरण आपल्याकडे लिहिताच येत नाही. पहिलं प्रकरण तलाठ्याकडे होतं. आदिवासींच्या जमिनींचे नियम त्याहून कडक, आणि पालघरसारख्या जिल्ह्यात ते पावलोपावली लागतात. आमच्याच जिल्ह्यात डहाणूजवळ पेठ गावी आयबीएमची नोकरी सोडून साडेचार एकरांवर सेंद्रिय शेती करणाऱ्या व्यंकट अय्यर यांचं 'मूंग ओव्हर मायक्रोचिप्स' (२०१८) हे पुस्तक मला म्हणूनच टस्कनीपेक्षा कामाचं वाटलं. भाषा साधी, कधीकधी अहवालासारखी. मेझची एक ओळ तिथे सापडणार नाही. पण जमीन शोधणं, बियाणं, भाव, आणि गावात आपण नेमके कोण, हे प्रश्न पुस्तकभर जागे राहतात. माझ्या ऑफिसमधल्या दर तिसऱ्या माणसाला शेती करायची असते. त्यांना मी आता एवढंच पुस्तक पाठवतो. उत्तर येत नाही.

या सगळ्याच्या आधीचं, आणि या सगळ्यांना उलटीकडून वाचायला लावणारं पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). डहाणू, तलासरी, उंबरगाव, पालघर. आमचाच मुलूख. वेठ म्हणजे काय, लग्नगडी म्हणजे काय, ते त्यात आहे: लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आणि त्याची बायको जन्मभर जमीनदाराकडे राबणार. मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वारल्यांनी ठरवलं, वेठ करायची नाही. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेला. पुस्तकाबद्दल माझी कुरकुर आहेच. नावातच गृहीत आहे की माणूस आधी झोपलेला होता, आणि जागं झालेल्या माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत बाईंच्या तोंडून येतं. तरीही ते वाचल्यावर मेलचं टेबल पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही. कारण इथे शेतावरचं घर बाहेरून दिसतं, अंगणात उभं राहून. पाहुणा आत बसून बाहेरचा डोंगर बघतो. बोलावलेला गडी बाहेर उभा राहून आतला उजेड बघतो. गवत कापायचं, लाकडं आणायची आणि जमीनदाराच्या घरची कामंही करायची, सगळं वेठीत.

आमच्या घरात भिंतीतून भित्तिचित्र निघालं नाही. कुडाची भिंत, तिच्यातून कारव्या आणि माती निघाली. माळा रिकामा करताना मात्र पत्र्याच्या ट्रंकेतून कागद निघाले. त्यात पणजोबांचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात, कूळ म्हणून. आणि नंतरचं, आजोबांच्या नावचं, '३२ म'चं प्रमाणपत्र. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली, मग किंमत ठरली, हप्ते भरले आणि हा कागद मिळाला. म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी आम्ही फोस्तँ होतो. सहा एकरवाला नव्हे, आणि दोन हिस्सेवालाही नव्हे. कधीतरी ही जमीन पालघरच्या एका सावकाराची होती आणि पणजोबा खंड घालायला जायचे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी त्याबद्दल बोलत नसे. कागद बघून बाबा एवढंच म्हणाले की कलम ४३ चा शेरा कमी करून घ्यायचा राहिलाय, कर्जाला नडतो.

कॉन्ट्रॅक्टरने सुचवलं होतं की पाहुण्यांच्या खोलीची एक भिंत 'वारली करून घेऊ'. गेरूच्या रंगाचं अ‍ॅक्रेलिक, वर पांढरी माणसं, तारपा वाजवणारा, गोल नाच. जिल्ह्यातल्या प्रत्येक रिसॉर्टवर ती आहे. मूळ चित्र लग्नाचं, घराच्या आत, मातीच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने बायकांनी काढलेलं. ते कागदावर आणून जगभर नेलं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी. मेझच्या भिंतीवरचं चित्र खालून वर आलं. आमच्या भिंतीवर ते वरून चढवायचं होतं, नुकत्याच पाडलेल्या मातीच्या भिंतीच्या जागी. मी नको म्हणालो. ताई म्हणाली, फोटोत छान दिसेल. छान दिसेलच.

ताईने नमुना म्हणून स्वतःच चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. गजबजाटापासून दूर, आजीच्या हातची चव, पारंपरिक वाडी, आणि 'मुंबईपासून फक्त इतक्या मिनिटांवर'. मिनिटं कोरी ठेवली आहेत, कारण शिरसाड ते मासवण हा मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचा टप्पा पूर्ण झाल्यावर आकडा टाकायचा आहे. मी माझ्या मसुद्यात एक ओळ घातली: आंबा कोण उतरवतं, जांभळाला परांची कोण बांधतं, आणि त्याला किती मिळतं. जांभळं झाडाच्या टोकाला पिकतात, म्हणून झाडाभोवती बांबूची परांची बांधून ती हाताने तोडावी लागतात. खाली पडलेलं फळ कामाचं नसतं. आमच्याच तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून पाहुणे ते विचारतातच. तेव्हा परांची बांधणाऱ्याबद्दल एक ओळ फार नाही. ताईने ती खोडली. कारणही दिलं, की मजुरीचा आकडा वाचून कोणी सुट्टीवर येत नाही. बरोबर आहे. मेललाही ते कळलं होतं.

मग मी घरात मेलचा हिशोब मांडला. वाडीची सगळी कामं एक मावशी बघते, पलीकडच्या पाड्यावरची, वारली. तिचा नवरा बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटावर. तिला रोजंदारीऐवजी आंबा आणि जांभळाचा हिस्सा द्यावा, तीनातले दोन नाही तर निदान एक, असं माझं म्हणणं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हिश्शाने दिलं की उद्या कूळ लागेल," ते म्हणाले. माळ्यावरची ट्रंक तेव्हा त्यांच्या खुर्चीमागेच होती. काका म्हणाले की द्यायचंच तर तोंडी, लेखी काही नको. आजीने विचारलं, मावशीला विचारलंय का.

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती अढीतले आंबे उलटत होती तेव्हा मी सगळं समजावून सांगितलं, फ्रान्स सोडून. तिने तीन डागी आंबे बाजूला काढले. म्हणाली, हिस्सा नको दादा. मागल्या साली वाऱ्याने किती पडला ते बघितलंस ना, तेव्हा माझा हिस्सापण पडला असता. तुमचा पगार येतो, माझा कुठून येणार? मला रोज वाढवून दे, आणि स्लॅबचं काम असेल तेव्हा स्लॅबचा रोज वेगळा लाव, वाडीचा वेगळा. मी विचारलं, किती. तिने सांगितलेला आकडा बाबांच्या मनात होता त्यापेक्षा शंभर रुपयांनी जास्त होता, आणि तो तिने बोईसरला विचारून आणलेला होता.